दारू सुटली, आता पहिलं काम कोणतं?

दसरा जवळ आला की पाटोदा तालुक्यात मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. आमच्या वस्तीतला एक जण दोन महिने दारूपासून दूर होता. त्याच्या बायकोनं मला विचारलं, "सिस्टर, ह्यांना आता कामाला लावायचं ना? रिकामे बसले तर परत प्यायला लागतील." तिचं बरोबर होतं. काम हवंच. पण त्यांनी कोयता धरला, आणि माझा विरोध आहे तो इथंच.

उचल म्हणजे मोठी रक्कम एकदम हातात. नुकती दारू सोडलेल्या माणसाला हीच जोखीम सगळ्यात मोठी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यानं उचल उडवली तरी फेडायला तीही बांधलेली. फडावर पहाटेपासून तोड, रात्री-अपरात्री गाडी भरणं, मग अंगदुखीवर औषध म्हणून क्वार्टर. तपासणीची तारीख चुकते, गोळ्या संपतात. डायसल्फिरामची गोळी चालू असताना दारू पोटात गेली, तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकतं. तो हंगामाहून परतला तो पीतच, वर उचल फिटलेली नाही. मी त्याला एकट्याला दोष देत नाही.

निदान पहिला हंगाम तरी गावातच काढा. रोजगार हमीला लेखी अर्ज द्या, तारखेची पोच घ्या. मजुरी उशिरा येते ही तक्रार खरी. पण ती खात्यात जमा होते, रोज संध्याकाळी रोख हातात पडत नाही. गवंड्याच्या हाताखाली, दुकानात माल उतरवायला, शेळ्यांमागे, काहीही चालेल. गाडी चालवणं, विहिरीचं काम, कडबाकुट्टी मात्र डॉक्टरांना विचारूनच. काही गोळ्यांनी झोप येते.

आणि आपल्यातले सेंट्रिंगवाले, टेम्पोवाले, दुकानदार? विहारात पाचवं शील सगळे म्हणतो, पण ते पाळायला निघालेल्याला "बेवडा आहे, नको" म्हणून परत पाठवतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारूमुळं होणारे मानसिक त्रास आजारात धरले आहेत. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये 1986 पासून उपचार होतात. तिथं व्यसनातून बरी झालेली माणसंच पुढं कार्यकर्ते झाली. आपल्याला एक मजूर ठेवायला काय हरकत आहे?

जे अजून रोज पितात, त्यांची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो. आधी सरकारी दवाखान्यात न्या, किंवा 14446 या मोफत क्रमांकावर विचारा.