रोव्हर खरं बोलतो, पण कशाबद्दल?

मागच्या आठवड्यात आमच्या तालुक्यात एका मोजणीला उभा होतो. दोघे चुलतभाऊ, मधे बांध. भूकरमापकाने काठीवरचा रोव्हर टेकवला, थोड्या वेळात रीडिंग आलं. थोरला म्हणाला, "आता सॅटेलाईटनंच सांगितलं. संपला विषय."

विषय तिथं संपत नाही मंडळी.

आधी यंत्राचं श्रेय यंत्राला. मोबाईलचा जीपीएस उघड्या रानातही चार-पाच मीटर इकडंतिकडं होतो. शंभर मीटरच्या बांधाला चार मीटरची चूक म्हणजे जवळजवळ चार गुंठे! (ॲपवर शेत मोजून भावकीत भांडणारांनो, हात जोडतो, थांबा.) रोव्हरचं तसं नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची कॉर्स स्टेशनं राज्यभर आहेत. स्टेशनची जागा आधीच पक्की माहीत असते, त्यामुळे उपग्रहावरून काढलेली जागा किती चुकतेय ते कळतं आणि ती दुरुस्ती इंटरनेटवरून रोव्हरला मिळते. चूक काही सेंटिमीटरवर येते. दाट झाडी असली, रेंज नसली की मात्र अडतं.

पण रोव्हर सांगतो ती तो उभा आहे ती जागा. हद्द कुठली, हे ठरतं जुन्या अभिलेखावरून. टिपण, फाळणी, एकत्रीकरणाचा नकाशा. त्यातलं बरंचसं मोजलंय 33 फुटांच्या साखळीनं. त्या काळच्या मानानं काम चोखच, पण कागद जीर्ण झाले आणि हद्दीचे दगड नांगराखाली गेले. 1:5000 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. त्या रेघेवर सेंटिमीटरचं यंत्र ठेवून रेघ बारीक होत नाही.

धोका हा आहे की पूर्वी साखळीवर शंका घ्यायला माणूस कचरत नव्हता, आता यंत्रापुढं गप्प बसतो. माझं म्हणणं एवढंच, की रोव्हर लावण्याआधी कुठला नकाशा आणि कुठल्या जुन्या खुणा धरल्या, हे दोन्ही बाजूंना जागेवर दाखवा आणि 'क' प्रतीवर लिहून द्या. तरी पटलं नाही तर निमताना मोजणी आहेच, पण तिथंही वाद त्याच खुणांवर येणार.

त्या दिवशी धाकट्यानं विचारलंच, "साहेब, दगड कुठला धरलाय?" मग शोधाशोध सुरू झाली. एक दगड विहिरीच्या कडेला निघाला. दुसरा काही सापडला नाही. मोजणी पुढच्या तारखेवर गेली.