पिनकोड हा आकडा नव्हे!

सोलापूरचा पिनकोड ४१३००१. फ्रेशर्सच्या मुलाखती घेताना मी तो फाइलमधून वाचायला लावतो, आणि दहातले आठ जण डोळे झाकून 'इंट' घेतात. टर्बो सीवर शिकलेल्यांना निदान गडबड दिसते तरी. तिथे इंट दोन बाइटचा, कमाल ३२७६७. वरचे बिट गळाले की उरतात १९७८५. मग सरांचा उपाय ठरलेला: "लाँग कर." पोरगं लाँग करतं, पण एफस्कॅनएफमध्ये पर्सेंट डी तसंच. म्हणजे चारपैकी दोनच बाइट भरले, बाकीच्या दोनांत जुना कचरा! ह्याला दुरुस्ती म्हणायचं? ठिगळं आहेत राव ही.

जीसीसीवर इंट सहसा चार बाइटचा, त्यामुळे पिनकोड गुपचूप बसतो आणि चूक झाकली जाते. त्याच फाइलमध्ये मोबाइल नंबर आला की मग बोंब, कारण इंटची धाव २१४७४८३६४७ पर्यंतच.

आता आमचा एसटीडी कोड घ्या, ०२१७. पर्सेंट डीने वाचा, शून्य गायब. पर्सेंट आयने वाचा, सी त्याला अष्टमान पद्धतीतला आकडा समजून हातात १४३ ठेवतं! (कॉलेजात १४३ चा अर्थ वेगळा होता, ते सोडा.)

अहो, दोन पिनकोडांची बेरीज कधी केलीय का कुणी? मग त्याला आकडा कशाला करता? सात खणांचा कॅर ॲरे घ्या, सातवा खण शेवटच्या नलसाठी. एफस्कॅनएफला पर्सेंट सिक्स एस द्या. आणि त्याने १ परत दिला का, तेवढं तपासा.