वाळूतली दौलतजादा

सहलीहून परतलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो हा, की 'पैसे वसूल झाले का?' प्रश्न साधा आहे, पण त्यातला शब्द साधा नाही. वसूल हा शब्द सारा गोळा करणाऱ्याच्या तोंडचा, सावकाराच्या दारातला. आमच्या वस्तीत दर मंगळवारी मायक्रोफायनान्सचा माणूस येतो, तो 'वसुलीला' येतो. म्हणजे ज्याने पैसे मोजले तो लेणेकरी आणि समोरचा देणेकरी. राहिलेल्या प्रत्येक दमडीचा मोबदला त्याच्याकडून काढून घ्यायचा, हा भाव त्या शब्दातच आहे. हा शब्द पर्यटनात शिरल्यावर देणेकरी कोण होतं, हे मी यंदा जवळून पाहिलं, म्हणून हा लेख.

राजस्थानात जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे. तिथल्या वाळूच्या टेकड्यांच्या कडेने तंबूंच्या रिसॉर्टची रांगच लागली आहे. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. महाराष्ट्रातल्या टूर कंपन्यांच्या राजस्थान सहलीत ही एक रात्र हमखास असते, आणि 'फक्त महिलांसाठी' म्हणून निघणाऱ्या सहलींत तर ती खास आकर्षण म्हणून छापलेली असते. गेल्या जानेवारीत आमच्या वस्तीतल्या भिशीच्या २६ बायकांबरोबर मी गेले. बहुतेक जणी धुणीभांडी, स्वयंपाकाची कामं करणाऱ्या. दोघी शिवणकाम करतात, एक भाजी विकते. १४ महिने पैसे बाजूला टाकून त्यांनी ही सहल काढली होती. त्यात वाळवंटातल्या त्या एका रात्रीचे माणशी २,८०० रुपये होते. रिसॉर्ट मोठं, शंभरावर तंबू. नाव इथे देत नाही, कारण प्रश्न एका रिसॉर्टचा नाही.

आधीच सांगते, सहलीला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणाल्या, एवढ्या पैशांत मुलींच्या शिक्षणाचं काहीतरी झालं असतं. पुरुष दर आठवड्याला गुत्त्यावर पैसे उडवतात तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचा गरम चहा अंथरुणात मिळालेल्या बाईला मुलीच्या फीची आठवण करून देणं मला तरी जमणार नाही. बायकांना विसावा हक्काने मिळायला हवा. प्रश्न एवढाच आहे, की एका बाईचा विसावा दुसऱ्या बाईच्या अंगावरून वसूल होतो की काय.

आता पाहुणे म्हणून काय मिळालं ते सांगते. तंबू स्वच्छ होते, गरम पाणी सकाळी सात ते नऊ. उंटावरची फेरी वीस मिनिटांची म्हणून सांगितली आणि बाराव्या मिनिटाला उतरवलं. जीपची फेरी 'पॅकेजमध्ये नाही' हे तिथे गेल्यावर कळलं. न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती, दोघी आत गेल्या की तिसरी बाहेर उभी. जेवण बरं होतं, दाल-बाटी तर सगळ्यांनी दोनदा घेतली. पाहुण्यांच्या बोलण्यात, अभिप्रायाच्या वहीत याच गोष्टी असतात. वहीची मागची पानं मी चाळली. पनीर कमी होतं, उंट म्हातारा होता, गरम पाण्याला वेळ लागला, पण एकूण पैसा वसूल. एका पानावर 'डान्सर्स खूपच सहकार्य करणाऱ्या' असं लिहिलेलं होतं, पुढे हसरा चेहरा काढून.

सबंध रिसॉर्टमध्ये कामावर असलेल्या बायका मी मोजल्या. स्वयंपाकी पुरुष, वाढपी पुरुष, हिशेबाला पुरुष, तंबू झाडणारेही पुरुषच. बायका फक्त दोन ठिकाणी. एक प्रवेशद्वारापाशी, हातात ताट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला कुंकू लावायला. दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत ती उभीच होती, बसायला स्टूलही नाही. आणि बाकीच्या रात्री, चौकात, नाचायला. २०११च्या जनगणनेत जैसलमेर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ८५२ स्त्रिया होत्या आणि स्त्रियांची साक्षरता ४० टक्क्यांच्या आसपास होती. अशा जिल्ह्यात एवढा मोठा रोजगार आला, तर तो बाईपर्यंत ओवाळणारी किंवा नाचणारी याच दोन रूपांत पोचावा, याला योगायोग म्हणता येईल का?

नाच कालबेलियांचा म्हणून जाहीर झाला. ही मूळची भटकी, सापांशी निगडित जमात, राजस्थानात अनुसूचित जातींमध्ये मोडते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप बाळगून खेळ करणं गुन्हा ठरलं आणि पुरुषांचा पिढीजात धंदा बसला. त्यानंतर घराची चूल मोठ्या प्रमाणावर बायकांच्या नाचावर आली. त्यांचे ते काळे, घेरदार, भरतकामाचे पोशाखही त्या स्वतः शिवतात. याच जमातीतली गुलाबो सपेरा, जन्मताच जमिनीत पुरलेली आणि मावशीने उकरून काढलेली, तो नाच परदेशांत घेऊन गेली, २०१६ साली तिला पद्मश्री मिळाली. २०१० साली युनेस्कोने कालबेलिया गीत-नृत्य मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. निवेदकाने माइकवर हे सगळं अभिमानाने सांगितलं. पुढच्या तासाभरात त्या वारशाचं काय झालं ते ऐका.

आमच्या समोरच्या गाद्यांवर कुठल्याशा कंपनीच्या वितरकांचा तांडा होता, चाळीसेक पुरुष. घूमर झाली, डोक्यावर घागरी घेऊन भवाई झाली, तोवर ते मोबाइलमध्ये होते. कालबेलिया सुरू झाल्यावर नोटा निघाल्या. दहाच्या, वीसच्या, मग शंभराच्या. आधी वरून उधळल्या, मग दातांत धरून दाखवल्या. निवेदक म्हणाला, 'पाहुण्यांनी मंचावर यावं.' एकाने नाचणाऱ्या मुलीचं मनगट धरलं आणि ती सोडवून घेईना तोवर सोडलं नाही. म्हणजे ती सोडवून घेत होती, पण हसत. तो हसू आमच्या बायकांनी ओळखला. मालकाच्या घरी अंगावरून हात फिरला की हसतो तसा, असं आमच्यातली एक मावशी म्हणाली. ती पंचवीस वर्षं लोकांकडे भांडी घासते.

हे काही राजस्थानचंच आहे असं नाही. आपल्याकडे संगीतबारीत, तमाशाच्या फडात याला दौलतजादा म्हणतात. शब्दाला केवढा शाही साज आहे पाहा! पैसे देणारा दौलतवान ठरतो, घेणारी वाकून जमिनीवरून उचलते. कलेचं मोल मजुरीसारखं ठरवून, हातात, बसवून दिलं तर ती कलावंत होते. उधळलं तर ती उधळणाऱ्याच्या मर्जीतली होते. फरक आहे तो पैसे देण्याच्या रीतीचा, आणि रीत कोण ठरवतं हे सांगायला नको.

कार्यक्रमानंतर ज्या मुलीचं मनगट धरलं होतं तिच्याशी मी बोलले. तिने सांगितलेला हिशेब असा. रिसॉर्ट तिला ओळखत नाही, ओळखतं ते पार्टीच्या म्होरक्याला. तिची रात्रीची मजुरी काहीशे रुपये, तीही हंगामातच. उधळलेल्या नोटा एक पोरगा चादरीत गोळा करतो, त्यातला निम्मा वाटा आधी रिसॉर्टचा माणूस काढतो, मग म्होरक्या, उरलेलं वादक आणि नाचणाऱ्यांत. म्हणजे जेवढ्या नोटा उडतील तेवढा रिसॉर्टचा फायदा. मग निवेदक पाहुण्यांना मंचावर का बोलावतो, हे वेगळं समजावून द्यायला नको. तक्रार करशील का, असं विचारल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, उद्यापासून दुसरी बोलावतील, मग माझ्या पोरांना तुम्ही घालणार का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मॅनेजरकडे गेले. अंतर्गत समिती कुठे आहे विचारलं. त्याने भिंतीवरची तक्रारपेटी दाखवली. मी कायद्याचं नाव घेतल्यावर म्हणाला, 'मॅडम, त्या आमच्या स्टाफ नाहीत. आणि पाहुणे पैसे देतात, थोडी मस्ती चालतेच. तुम्हाला कुणी काही बोललं का?' मला कुणी बोललं नव्हतं. त्याच्या लेखी पाहुणी बाई ही एक जात आणि नाचणारी ही दुसरी.

आता कायदा काय म्हणतो ते नीट वाचू, कारण आपल्यापैकी पुष्कळजणी अजूनही तो कचेरीत काम करणाऱ्या बायकांपुरता समजतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा 'पीडित महिला' म्हणताना ती तिथे नोकरीला असो वा नसो असं स्पष्ट म्हणतो. कंत्राटदारामार्फत आलेली, रोजावरची बाईही त्यात आहे. मनोरंजनाचा व्यवसाय करणारी जागाही कामाची जागा आहे. आणि मालकाच्या कर्तव्यांची जी यादी कलम १९ मध्ये आहे, तिच्यात कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या इतर माणसांपासून सुरक्षितता देणंही आहे. पाहुणा हा असाच माणूस. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. नसेल तर कलम २६ नुसार ५० हजारांपर्यंत दंड, आणि पुन्हा तेच केलं तर परवाना रद्द होण्यापर्यंत शिक्षा. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणासाठी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

हा कायदा आला कुठून? राजस्थानातूनच. जयपूरजवळच्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी महिला विकास कार्यक्रमात साथिन होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यावरून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ साली विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि आणखी सोळा वर्षांनी कायदा. तो त्याच राज्यातल्या वाळूत एका तक्रारपेटीत मुरलेला पाहिला की चीड येते.

छळाची तक्रार तिने स्वतः करायची असते, किंवा तिच्या लेखी संमतीने. तिची इच्छा नसताना तिच्या वतीने आपण शूर होऊ नये, हे मी ठामपणे म्हणते. पण समिती नाही, फलक नाही, पाहुण्यांना सूचना नाही, हा मालकाचा कसूर आहे. तो दाखवून द्यायला त्या मुलीचं नाव लागत नाही. इथे गिऱ्हाईक म्हणून आपलं बळ आहे आणि ते आपण वापरत नाही.

मग काही जण सोपा उपाय सांगतात, की नाचच बंद करा. आमच्या सहलीतल्याही दोघी म्हणाल्या, असले कार्यक्रम कशाला? महाराष्ट्राने हा उपाय करून पाहिला आहे. २००५ साली डान्स बारवर बंदी आली. त्या वेळी आपल्या संघटनांतही दोन तट पडले आणि एकमेकींवर कडवट टीका झाली. त्या बंदीत तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती, म्हणजे श्रीमंतांसमोर नाचलं तर संस्कृती शाबूत! उच्च न्यायालयाने २००६ साली ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तेच कायम केलं. सरकारने पुन्हा कायदे केले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाचक अटी काढताना एक भेद केला. बक्षिशी देता येईल, नोटा उधळता येणार नाहीत. मला तो भेद फार मोलाचा वाटतो. नाचणारीची रोजी आणि तिची इज्जत यांत एक निवडा असं तिला सांगणारे आपण कोण? सापाचा खेळ कायद्याने बंद झाला तेव्हा या जमातीने पोट कसं भरावं याची कुणी फिकीर केली नव्हती. नाच बंद केला तर तेच होईल, या वेळी थेट बायकांच्या बाबतीत.

मागणं साधं आहे. नाचणाऱ्यांची मजुरी ठरलेली असावी आणि ती रिसॉर्टने त्यांच्याच हातात द्यावी. बक्षिशी पेटीत टाकावी, उधळू नये. मंचावर पाहुण्यांना बोलावू नये. समितीचा फलक हिंदीत, तंबूंच्या वाटेवर असावा. ओवाळणारीला बसायला स्टूल द्यावं. रात्री परत पोचवायला गाडी असावी, कारण त्या मुली मध्यरात्री वाटेल त्या जीपला हात करून घरी जातात.

वितरकांचा तांडा हे विचारणार नाही. पण 'फक्त महिलांसाठी' सहली काढणारे आपल्या बायकांच्या पैशांवर जगतात, त्यांना विचारता येतं. आमच्या भिशीने परतल्यावर पुण्या-मुंबईच्या तीन टूरवाल्यांना पत्र धाडलं. तुम्ही नेता त्या रिसॉर्टमध्ये अंतर्गत समिती आहे का, नाचणाऱ्यांना मजुरी किती आणि कोण देतं, नोटा उधळायला बंदी आहे का, एवढे तीनच प्रश्न. पत्र मावशीनेच सांगितलं, मी फक्त लिहून घेतलं. दोघांकडून अजून उत्तर नाही. तिसऱ्याचा फोन आला. फार अदबीने बोलला. म्हणाला, 'ताई, तुमच्या ग्रुपला प्रोग्रॅम नको असेल तर माणशी दोनशे कमी करू का?'

त्याला दुसरं पत्र गेलं आहे. मसुदा मराठीत आणि हिंदीत तयार आहे. हिवाळ्यात राजस्थानला जाणाऱ्या गटांनी अंकाच्या पत्त्यावर मागवून घ्यावा.