आपले पान, आपले अक्षर

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या नव्या कादंबरीची पहिली चार प्रकरणे इंटरनेटवर स्वतःच्या पानावर मांडली. पान स्वतःचे म्हणायचे इतकेच. त्याची मांडणी फुकट मिळालेल्या एका तयार साच्याची होती. मोठ्या हौसेने फोन आईच्या हाती दिला. तिचे वय ७८. तिने चष्मा चढवला, फोन जवळ धरला, दूर धरला, दोन ओळी कशाबशा वाचल्या आणि म्हणाली, "अरे, तुझं अक्षर असं कधी नव्हतं!"

वाचकहो, मी चित्रकलेचा मास्तर आहे. मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली, कॉलेजची पायरी चढलो नाही. शाळेतले सुविचार, गॅदरिंगचे फलक, निरोपाची मानपत्रे, सारे गेली वीस वर्षे माझ्या हातचे. अशा मास्तरच्या कादंबरीचे अक्षर त्याच्या आईला लागू नये, याची मला लाज वाटली. कारण शोधायला बसलो, आणि जे सापडले त्याचा संताप आला.

तो साचा रोमन लिपीच्या बेताने कापलेला होता. इंग्रजी मथळ्यात दोन अक्षरांमध्ये थोडी जागा सोडली की मथळा ऐटदार दिसतो. तोच नियम आपल्या लिपीला लावला की शिरोरेघ तुटते. माझ्या पहिल्या प्रकरणाचे नाव 'काळोख'. ते पानावर 'का ळो ख' असे, भाऊबंदकीत घर वाटून घेतल्यासारखे उभे होते. ओळी इतक्या खेटून होत्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकत. मजकुराचा रंग फिकट राखाडी. आणि सर्वांत वाईट म्हणजे पानाच्या अगदी आरंभी, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, 'हे पान इंग्रजीत आहे' असे लिहून ठेवलेले! आत माझी मराठी कादंबरी, आणि दारावर पाटी परक्याची.

ही पाटी बदलायला दोन अक्षरे पुरतात. मराठीची खूण 'एम' आणि 'आर'. ती लिहिली आणि टंक तसा घडवलेला असला, की 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा, म्हणजे आपल्या वळणाचा उमटतो. अंध वाचकाला पान मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्रही याच खुणेवरून ठरवते की उच्चार कोणत्या भाषेचे करायचे. दोन अक्षरांचा आळस, आणि एक वाचक दारातून परत!

मी हे सारे स्वतः दुरुस्त करायचे ठरवले आणि उपदेशांची सरबत्ती सुरू झाली. माझे एक प्रोफेसर मित्र म्हणाले, "लेखकानं लिहावं. खिळे जुळवणं कंपोझिटरचं काम." युक्तिवाद भारदस्त आहे, आणि एके काळी खराही होता. पण तो कंपोझिटर मराठी जाणत होता. तुटलेली वेलांटी त्याच्या डोळ्यांना खुपत असे, आणि शंका आली की तो प्रूफ घेऊन विचारायला येई. माझा साचा ज्याने घडवला, त्याच्या नजरेखालून 'ळ' कधी गेला असेल असे त्या साच्यावरून तरी वाटत नाही. ज्या कारागिरावर विसंबून आपण निश्चिंत होतो तो कारागीरच जागेवर नाही, ही गोष्ट आमच्या विद्वानांच्या लक्षात केव्हा येणार?

दुसरे म्हणतात, हे इंजिनिअरांचे काम, मास्तरचे नव्हे. हा तर निव्वळ बागुलबुवा. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी पहिले संकेतस्थळ चालू केले, आणि १९९३ च्या एप्रिलमध्ये सर्न या संस्थेने हे तंत्र साऱ्या जगाला मोफत खुले केले. १९९४ साली होकोन व्हियम ली यांनी पानाच्या सजावटीचे नियम मजकुरापासून वेगळे लिहावेत अशी सूचना केली. तीच आजची सीएसएस. त्या मूळ सूचनेतच पान कसे दिसावे यात लेखकाइतकाच वाचकाचाही शब्द धरलेला होता. सामान्य माणसाला बाहेर ठेवण्यासाठी हा दरवाजा बांधलेलाच नव्हता; आपणच बाहेर उभे राहून त्याला कुलूप आहे असे म्हणतो.

मी केले तरी काय? संगणकात असतेच ती साधी टिपणवही उघडली आणि नियम लिहिले. अक्षर सव्वापट मोठे. ओळीची उंची अक्षराच्या १.८ पट. अक्षरांमधले जादा अंतर शून्य. रंग जवळजवळ काळा. कारण सुगम पानांसाठीच्या जागतिक मार्गदर्शिकेत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे असे सांगितले आहे, आणि साचा त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. तीन संध्याकाळी गेल्या. एकदा महिरपी कंस बंद करायला विसरलो आणि त्याखालचे नियम लागूच होईनात. एकदा स्पेलिंग चुकले, तर ब्राउझरने तेवढी ओळ निमूटपणे सोडून दिली आणि पुढे वाचत गेला. आम्हा मास्तरांपेक्षा तो अधिक क्षमाशील, असे मला त्या रात्री प्रामाणिकपणे वाटले.

तिसरा आक्षेप आजचा आहे. "आता यंत्राला सांगितलं की ते पान लिहून देतं, शिकायचं कशाला?" मीही यंत्राला विचारले. त्याने झटक्यात सुबक नियम लिहून दिले, आणि मथळ्याची अक्षरे लांब लांब ठेवण्याची ओळ त्यातही होतीच! ती मला खोडता आली, कारण तोवर मला ती वाचता येत होती. यंत्राची मदत जरूर घ्यावी. पण वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवणाऱ्यांची काय गत होते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या ओट्यावर पाहिले आहे.

माझे खरे भांडण मात्र साच्याशी नाही. रांगोळीचे तयार स्टिकर दारात चिकटवणाऱ्या गृहिणीशीही नाही. तिला वेळ नसेल. भांडण आहे ते 'हे शिकणे आपले काम नव्हे' असे मुलांना लहानपणीच पढवणाऱ्यांशी. मी पाहिलेल्या एका शाळेत संगणकाच्या खोलीला आठवड्यातले पाच दिवस कुलूप असते, आणि सहाव्या दिवशी मुले काय शिकतात, तर कोणते बटण कोठे आहे! सातवीतल्या एका मुलीने माझे पान पाहून विचारले, "सर, ही रेघ तुम्ही काढली?" नियमातला एक आकडा तिला बदलू दिला आणि रेघ जाड झाली. तिचा चेहरा असा उजळला की माझ्या चित्रकलेच्या तासाला तो मी क्वचितच पाहिला आहे. आपण फक्त बटण दाबणारे नाही, हे तिला त्या क्षणी कळले. हे कळू न देणाऱ्या शिक्षणाला मी शिक्षण म्हणणार नाही.

आणि हेही ध्यानात ठेवा, की दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड केले तर मालक वाडा कधी पाडील याचा नेम नसतो. जिओसिटीज या ठिकाणी लाखो हौशी माणसांनी आपली पाने थाटली होती. २००९ साली ते बंद झाले. स्वतः लिहिलेल्या पानाची वही आपल्या घरात असते. उद्या दुसरीकडे जागा घेतली तरी ती तशीच तेथे मांडता येते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे : फराळाची ताटे उचलून झाल्यावर या सुट्टीतली एक दुपार घरातल्या मुलांबरोबर बसा. आजीच्या चकलीचे प्रमाण असो की मामाच्या गावाची हकीकत, त्याचे एक पान आपल्या हाताने लिहा आणि सजवा. वाकडे होईल. होऊ द्या.

दुरुस्त केलेले पान मी पुन्हा आईपुढे ठेवले. तिने चारही प्रकरणे एका बैठकीत वाचली आणि चष्मा काढत म्हणाली, "अक्षर आता तुझं वाटतं. पण त्या सुनेला एवढं रडवायला नको होतंस." अक्षराचा दोष मला तीन संध्याकाळी बसून काढता आला. सुनेचे काय करावे, याचा मात्र मी अजून विचार करतो आहे.