मुंबईच्या प्लेगचा आलेख

साथींचे गणित शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी एका आलेखापाशी येतो, आणि तो आलेख मुंबईचा आहे. डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळात शहरात प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, त्याचा. 1927 साली केर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी साथीच्या फैलावाचे आपले समीकरण याच आकड्यांवर लावून पाहिले. आठवड्याला सुमारे 900 मृत्यूंपर्यंत चढून उतरणाऱ्या त्या ठिपक्यांशी रेषा अगदी जवळून जुळली.

समीकरण मात्र माणसाकडून माणसाला होणाऱ्या संसर्गाचे होते. मुंबईतला गाठीचा प्लेग येत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत लिस्टन आणि त्यांचे सहकारी त्या साथीच्याच वर्षांत हे सिद्ध करत होते. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडायचे आणि त्यांच्या अंगावर किती पिसवा जमतात ते मोजायचे, असे ते चिकाटीचे काम. उन्हाळ्यात साथ ओसरायची त्यात हवामानाचा आणि पिसवांचा मोठा वाटा होता. समीकरणात मात्र ऋतूला जागाच नव्हती. मानवी प्लेग ही उंदरांतल्या साथीची पडछाया आहे आणि आपली गृहीतके इथे काटेकोरपणे लागू होत नाहीत, हे केर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहिले होते. आलेख पुढे जगभर गेला. ही कबुली त्या मानाने फार थोड्यांनी वाचली.

रेषा जुळली म्हणजे कारण सापडले, असे होत नाही. आणि कारण चुकले की उपायही चुकतो: माणसे वेगळी काढायची की उंदरांचा बंदोबस्त करून घरे रिकामी करायची, हा प्रश्न निव्वळ समीकरणातून सुटला नसता.

आकडे तरी कुठून येतात? 1896-97 मध्ये प्लेग रोखण्यासाठी घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण सुरू झाले, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले, मृत्यू दडवले. आरोग्य यंत्रणा लोकांशी कशी वागते, यावर नोंदवहीचा खरेपणा अवलंबून असतो. आजही सोमवारी रुग्णसंख्या उसळते ती बऱ्याचदा रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद होता म्हणून. एखाद्या तालुक्यात डेंग्यू वाढलेला दिसतो, तो कधी कधी तिथे तपासणीचे किट नुकतेच पोहोचले म्हणून. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला हे ठाऊक असते. साथीचे गणिती मॉडेल करणारा तिला विचारत नाही, आणि साथरोगतज्ज्ञ मध्ये पडत नाही, हे आम्हाला चिंतेचे वाटते.

मॉडेल करणाऱ्यांनी आकडे मागण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीशेजारी बसावे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनीही आकडे धाडून मोकळे होऊ नये. कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि कधीपर्यंत, हे पहिल्याच बैठकीत सांगावे. यापुढे प्रकाशनासाठी आमच्याकडे येणाऱ्या, मॉडेलवर आधारलेल्या प्रत्येक लेखासोबत आकडे कुणी, कुठे आणि कसे गोळा केले याचा एक परिच्छेद आम्ही मागणार आहोत, आणि तो प्रत्यक्ष क्षेत्रात काम करणाऱ्या सहलेखकाने लिहिलेला असावा.