अंगणातील गाजर गवत आणि वैद्याचे दायित्व

मृगाच्या सरी कोसळल्या की घराच्या कुंपणालगत, दवाखान्यामागील मोकळ्या जागेत आणि औषधी कारखान्याच्या आवारात हिरवळ माजते. तिच्यात पुनर्नवा, भुईआवळी, माका, टाकळा यांचा वाटा किती आणि गाजर गवताचा किती, याचा हिशेब आपल्यापैकी किती जण ठेवतात? तण काढणे हे माळ्याचे अथवा नगरपालिकेचे काम, अशी आपली सर्वसाधारण धारणा आहे. आमच्या मते ही धारणा बदलली पाहिजे. हा प्रश्न जितका स्वच्छतेचा, तितकाच निदानाचा आणि भेषजाचा आहे.

गाजर गवत, म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरस, ही मूळची उष्ण अमेरिका खंडातील वनस्पती. तिच्या भारतातील प्रसाराची नोंद १९५५ साली पुण्यात झाली. अमेरिकेतून मदतरूपाने आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, अशी लोकसमजूत आहे व 'काँग्रेस गवत' हे नाव त्याच समजुतीतून रूढ झाले. ते कसेही असो. पुढील काही दशकांत या वनस्पतीने देशभर पाय रोवले, हे सत्य आहे. एकेक झाड हजारो सूक्ष्म बिया धरते. वारा, पाण्याचा प्रवाह, वाहनांची चाके आणि शेणखत यांच्याबरोबर त्या दूरवर जातात. ओलावा मिळताच उगवावे आणि महिना-दीड महिन्यात फुलावर यावे, असा तिचा क्रम आहे. तिच्या अंगातील द्रव्ये मातीत उतरून शेजारच्या बियांचे अंकुरण रोखतात. घाणेरी, कोकणातील रानमोडी, नद्यांतील जलपर्णी ही सारी याच परक्या परिवारातील मंडळी. परंतु आपल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेले तण प्रामुख्याने गाजर गवतच आहे.

प्रथम रुग्णाचा विचार करू. या वनस्पतीतील पार्थेनिन या द्रव्यामुळे होणारा त्वचाशोथ वैद्यकीय वाङ्मयात १९७० च्या दशकापासून नोंदलेला आहे. पापण्या, मान, कोपराच्या खोबणी अशा ठिकाणी कंडू, दाह, स्राव व पुढे त्वचेचे जाड होणे ही लक्षणे दिसतात. झाडाला स्पर्श झालाच पाहिजे असे नाही. वाळलेल्या झाडाचा वाऱ्यावर उडणारा भुगाही पुरेसा होतो. परागकणांमुळे शिंका व श्वासाचा त्रास होतो तो वेगळाच. असा रुग्ण आपल्याकडे येतो, आपण विचर्चिका वा शीतपित्त असे निदान करून रक्तप्रसादन औषधे व लेप देतो, काही दिवस आराम पडतो आणि व्याधी पुन्हा उलटतो. त्याच्या खिडकीखाली काय वाढले आहे, हे आपण विचारीत नाही. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी मानणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांना हे शोभणारे नाही. येथे आणखी एक सावधगिरी हवी. गाजर गवत ज्या कुलातील आहे त्याच कुलात शेवंती, सूर्यफूल, माका व कुष्ठ येतात. एकाची संवेदनशीलता जडलेल्या व्यक्तीस त्याच कुलातील दुसऱ्या वनस्पतीचाही त्रास होऊ शकतो. अशा रुग्णाच्या त्वचेवर माक्याचा अथवा कुष्ठाचा लेप देण्यापूर्वी वैद्याने थांबून विचार करावा.

दुसरा विचार द्रव्याचा. आपली कितीतरी नित्योपयोगी द्रव्ये शेतात पेरली जात नाहीत. ती बांधावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला आपसूक उगवतात. पुनर्नवा, गोखरू, माका, भुईआवळी यांची जागा नेमकी तीच, आणि गाजर गवताचे आक्रमणही नेमके त्याच जागेवर. ज्या माळावर एका सकाळी भारा भरत असे, तेथे गोळा करणाऱ्यास दोन दिवस फिरावे लागले, तर माल महागतो आणि भेसळीचा मोह वाढतो. कोवळे गाजर गवत पंचांगाच्या भाऱ्यात मिसळून आले, तर वाळल्यावर ते ओळखणे सोपे नाही. आयुर्वेदिक फार्माकोपियात बऱ्याच द्रव्यांसाठी परद्रव्याची मर्यादा २ टक्के सांगितली आहे. औषधी कारखानदारांनी स्वतःला विचारावे, की ही तपासणी कागदावर होते की चाळणीवर? सुश्रुतसंहितेतील भूमिप्रविभागीय अध्याय औषध घेण्यापूर्वी भूमीची परीक्षा करावयास सांगतो. आज आपण मालाचा भाव विचारतो, भूमी विचारीत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. विकृत देशाची लक्षणे सांगताना आचार्यांनी तृणवेलींचे बेसुमार माजणे हेही एक लक्षण दिले आहे. भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवाव्यात, असा उपदेश गंगातीरी पुनर्वसू आत्रेयांनी अग्निवेशाला तेथेच केला आहे. आचार्यांना गाजर गवत ठाऊक होते, असा दावा आम्ही करीत नाही. मात्र भूमी बिघडली की भेषज बिघडते, हा क्रम त्यांनी स्पष्ट मांडला होता.

यावर काही विद्वान मित्र आक्षेप घेतील. या जगात औषध नाही असे एकही द्रव्य नाही, हा चरकांचा सिद्धांत आहे; मग गाजर गवताचाही गुण शोधावा, ते उपटण्याची घाई कशाला? मूळ प्रदेशातील लोकवैद्यकात त्याचा उपयोग होतच होता! सिद्धांत शिरोधार्य आहे. पण तो अर्धाच सांगितला जातो. द्रव्याचे औषधत्व युक्ती व प्रयोजन यांच्या अधीन आहे, असे तेथेच म्हटले आहे. आणि न जाणलेले औषध विष, शस्त्र व अग्नी यांच्यासारखे असते, हाही त्याच ग्रंथाचा इशारा आहे. ज्यांना संशोधन करावयाचे आहे त्यांनी प्रयोगशाळेत अवश्य करावे. संशोधनासाठी अंगणात रान माजू देण्याची गरज नाही.

उपाय अवघड नाही. सातत्य मात्र हवे. पावसाने माती ओली असताना आणि झाड फुलावर येण्यापूर्वी ते मुळासकट उपटावे. नुसते कापल्यास पुन्हा फुटते. हातमोजे घालावेत, नाकातोंडास फडके बांधावे आणि ज्यांना त्वचेचा वा श्वासाचा त्रास आहे त्यांना या कामापासून दूर ठेवावे. फुलांपूर्वी उपटलेली झाडे खताच्या खड्ड्यात चालतात. फुले धरलेली मात्र खोल पुरावीत. एका वर्षाच्या श्रमाने समाधान मानू नये, कारण जमिनीतील बी वर्षानुवर्षे टिकते. जेथून औषधी घ्यावयाच्या तेथे तणनाशक फवारू नये. पानांवर पांढरट पाठीचे, गडद रेषांचे भुंगेरे दिसल्यास त्यांना मारू नये. याच तणाच्या बंदोबस्तासाठी १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूरला आणलेले ते आपले सहायक आहेत.

मोकळी झालेली जागा मोकळी ठेवली, तर तेच तण परत येते. तेथे टाकळा पेरावा. कार्तिकाच्या सुमारास त्याचे बी जमवावे आणि पावसापूर्वी विखरून टाकावे. दाट वाढून तो गाजर गवतास जागा देत नाही. दद्रूवरील हा आपला चक्रमर्द, आणि पावसाळ्यातील रुचकर भाजीही. मात्र ओळख नीट पटवून घ्यावी. याच कामासाठी पूर्वी शिफारस झालेला दक्षिण अमेरिकेतील टाकळ्याचा भाऊबंद आता स्वतःच तण होऊन बसला आहे. एक व्याधी शमवून दुसरा उत्पन्न करणारा प्रयोग शुद्ध नव्हे, हे आपणांस कोणी वेगळे शिकवावयास नको.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. आपल्या प्रत्येक जिल्हा शाखेने या सप्ताहात सभासदांचे दवाखाने, दुकाने व कारखाने यांचे आवार तणमुक्त करावे आणि माल आणून देणाऱ्या संग्राहकांना बोलावून ताज्या वनस्पतींची ओळख करून द्यावी, अशी आमची सूचना आहे. रुग्णपत्रिकेत 'घराभोवती गाजर गवत आहे काय?' हा एक प्रश्न वाढविण्यास खर्च शून्य आहे. शासनाने काय करावे याची यादी मोठी होईल. पण आपल्या कुंपणाच्या आतील जमीन तरी आपल्याच हाती आहे. येत्या पावसाळ्यात आरंभ तेथून व्हावा.