पाटी मराठी झाली. पाटीखालच्या पोराचं काय?

कामगार बंधूंनो, मायबहिणींनो आणि दुकानदार मित्रांनो,

आम्ही जिनिंग मिलीत रुईचा फुफाटा खाणारी माणसे. चौथीपुढे शाळा पाहिली नाही. लिहिताना काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या. पण खोटे लिहिले असेल तर भर सभेत आमचा कान धरा.

आमचे इस्लापूर मराठी मुलखात फुकट आलेले नाही. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडले, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यातून इस्लापूर सर्कल वेगळे काढून मुंबई राज्याला जोडले. राज्यपुनर्रचनेच्या कायद्यात आमच्या सर्कलचे नाव लिहिलेले आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यासाठी मुंबईच्या रस्त्यावर गिरणी कामगारांनी छातीवर गोळ्या झेलल्या. राज्य आपल्या भाषेचे झाले की गरिबाच्या लेकराला आपल्या गावात मानाने काम मिळेल, हीच त्यामागची आशा! ती आशा आज दुकानाच्या उंबऱ्याशी अडून बसली आहे.

किराणा, कापड, खत-औषध, वेल्डिंग, गॅरेज, सहस्रकुंडाच्या वाटेवरची हॉटेले, हीच आमच्या पोरांची कचेरी अन् हाच कारखाना. इथे नोकर ठेवतात कसा? जागा रिकामी आहे असे कुठे लिहिलेले दिसत नाही. गोष्ट कानोकानी फिरते. पोरगं दारात उभं राहिलं की मालक विचारतो, "कोणाचा रे तू? कोणत्या गावचा? कोणाच्या वळखीचा?" तुला काय येतं, हा सवाल सगळ्यात शेवटी, आला तर! गोंडाचं, कोलामाचं, तांड्यावरचं लेकरू तिथेच बाद होते. त्याला हिशेब येत असेल, सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलता येत असेल. पण वळख नाही ना!

आणि घेतलेच तर पुढचा डाव ऐका. "पहिलं काम शिक, पगाराचं मागून बघू." शिकायचे काय? शटर उघडणे, झाडू मारणे, चहा आणणे, मालकाच्या घरचे दळण नेणे. आमच्यातल्या एकाचा पोरगा वेल्डिंगच्या दुकानात दीड वर्ष होता. शिकवले कोणी नाही, बघून बघून शिकला. डोळ्यापुढे धरायला काच नाही. रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखी आग, माय बटाट्याच्या फोडी ठेवी. बाप पगार मागायला गेला तर उत्तर मिळाले, "पोरगं अजून शिकायलंय." अन् त्याच हाताने केलेल्या गेटचे पैसे गिऱ्हाइकाकडून पुरे घेतले! पगाराच्या दिवशी शिकाऊ आणि गिऱ्हाइकापुढे कारागीर. हा कोणता न्याय?

हा रोग नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर भरती करी. त्याच्या मुठीत दस्तुरी दाबली तर साचा, नाही तर फाटकाबाहेर. १९३१ साली खुद्द इंग्रज सरकारच्या व्हिटली आयोगाने लिहिले, की माणूस ठेवणे-काढणे जॉबरच्या हातून काढून घ्या. १९३५ साली बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत आली. कामगार झगडला म्हणून तिथे निदान कागद तरी आला. आमच्या बाजारपेठेत जॉबर गेला; त्याच्या गादीवर 'वळख' बसली!

कायदे नाहीत काय? आहेत, पण आकड्यांच्या माडीवर बसलेले आहेत. रिकामी जागा कळवायची सक्ती १९५९ च्या कायद्याने केली, ती २५ किंवा जास्त माणसे असलेल्या खाजगी मालकाला होती. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांनी त्याची सक्ती ३० माणसांपासून ठेवली, खाली मालकाची मर्जी. २०१७ च्या दुकान कायद्याने १० च्या आतल्या दुकानाला नोंदणीतून सोडले, नुसती सूचना पुरे म्हटले. आमच्या दुकानात पोरे तीन. तीन हा आकडा कुठेच बसत नाही!

पण २०२२ साली काय झाले? त्याच दुकान कायद्यात दुरुस्ती होऊन १० च्या आतल्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची झाली. चांगले झाले, आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हणजे सरकारचा हात लहान दुकानापर्यंत पोचतो तर! मग पाटीपर्यंत पोचणारा हात पाटीखालच्या पोरापर्यंत का पोचत नाही?

न शिकवण्याची किंमत एकटे पोरगेच भरत नाही. २०१७ साली पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर मेले. औषध विकायच्या परवान्याला शिक्षणाची अट आहे. पण परवाना असतो भिंतीवर आणि डबा हातात देणारे पोरगे असते गल्ल्यापुढे. कोणते औषध कशात मिसळू नये, तोंडाला काय बांधावे, हे त्याला कोणी सांगितले? ज्याला शिकवले नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार?

दुकानदार म्हणतात, "आमचंच भागेना, कागद कुठून करायचा?" मित्रांनो, तुमचीही ओढाताण आम्हाला दिसते. उधारी तुंबते, बडा व्यापारी तुम्हाला पिळतो. पण त्याचा राग तीन पोरांच्या पोटावर काढू नका. आणि धंद्याचेही ऐका: शिकवलेला पोरगा माल नासवत नाही, गिऱ्हाईक तोडत नाही आणि दिवाळी झाली की पळून जात नाही.

आता आमच्या घरातलेही सांगतो. मिलीत हंगाम सुरू झाला की आम्हीच मुकादमाच्या कानाशी मेव्हण्याचे, भाच्याचे नाव घालतो. तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या परक्या लेकराचा हक्क आम्हीच खातो. हे पाप आमचेही आहे. ते आजपासून बंद!

आमचे मागणे सोपे आहे.

जागा निघाली की काम, वेळ आणि पगार मराठीत लिहून दुकानावर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

जात-गाव विचारू नका. एक दिवस काम करून घ्या, त्या दिवसाची मजुरी द्या आणि मग निवडा.

काय शिकवणार, कोण शिकवणार, किती महिन्यांत, हे आधी लिहून द्या. पगार पहिल्या दिवसापासून. कराराची नोंद नसेल तर तो शिकाऊ नव्हे, कामगार आहे! किमान वेतनाला माणसांची मोजणी लागत नाही. २०१९ ची वेतन संहिता एका माणसालाही लागू आहे.

नेमणुकीचा मराठी कागद प्रत्येकाच्या हातात द्या. रोजगार हमीवर खड्डा खणणाऱ्याचे नाव हजेरीपटावर चढते. मग तराजू धरणाऱ्याचे का नाही?

बंधूंनो, आपल्या पोराला दुकानात धाडताना हात जोडून उभे राहू नका. कागद मागा. एकट्याने मागितला तर हाकलतील. साऱ्या पेठेने मागितला तर देतील.

पाटी मराठी झाली. आता कागद झालाच पाहिजे!